छोट्या गटाने छळाच्या केसेस पुढे कुठे न्यायच्या?

प्रश्न: आम्ही मोजकेच लोक, सगळे नोकरी सांभाळून करतो, ना ऑफिस ना फंड. कोठडीत मारहाण झाल्याच्या तक्रारी येतात, नोंदी ठेवतो, पण पुढे काय? यूएनमध्ये आपल्यासारख्यांचं ऐकतात का?

प्रतिसाद १: ऐकतात की. छळाबाबतचे स्पेशल रॅपोर्टर (यूएनने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) आहेत, १९८५ पासूनचं पद, त्यांना कोणीही लिहू शकतं आणि आधी देशातली सगळी कोर्टं संपवायला हवीत अशी अटही नाही. यूएनच्याच मानवाधिकार समितीकडे मात्र ती अट आहे, आणि देशाने ऐच्छिक प्रोटोकॉल (व्यक्तींना समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार) मान्य केलेला असावा लागतो. कोण, कुठे, कधी, काय झालं ते नीट लिहा, ऐकीव वेगळं ठेवा.

प्रतिसाद २: त्याआधी ज्याला मारहाण झाली त्याची संमती घ्या प्लीज!! सरकारला पत्र गेलं की नावही जाऊ शकतं, मग घरच्यांना त्रास. नाही म्हणाले तर थांबायचं, केस कितीही पक्की असो. आणि मेडिकल तपासणी लगेच करा, वळ लवकर जातात, जखमा कशा नोंदवायच्या ते इस्तंबूल प्रोटोकॉल या यूएनच्या मार्गदर्शिकेत आहे.

प्रश्नकर्ता: संमती तोंडीच घेत होतो, आता काय काय पाठवणार ते समजावून लेखी घेऊ.

प्रतिसाद २: हो, आणि ते कागद नोंदींपासून वेगळे ठेवा, एकत्र सापडायला नकोत.