तराफ्यावरचे १०१ दिवस: प्रयोग की नुसत्या काड्या?

जुनाखोडकर: १९७३ सालची गोष्ट. सांतियागो हेनोवेस हा मेक्सिकोतला मानववंशशास्त्रज्ञ, स्वतः धरून ११ जण 'आकाली' नावाच्या तराफ्यावर चढवतो. लांबी १२ मीटर, रुंदी ७. इंजिन नाही, शौचालयाला आडोसा नाही. कॅनरी बेटांवरून निघाले ते १०१ दिवसांनी मेक्सिकोच्या कोझुमेलला लागले. आदल्याच वर्षी याचं विमान अपहरणात सापडलं होतं, तेव्हा माणूस हिंसक का होतो ते याला बघायचं होतं. म्हणून देश, धर्म सगळं वेगवेगळं निवडलं, आणि कॅप्टन मुद्दाम बाई.

भांडणं होईनात, तर पठ्ठ्याने लोकांनी प्रश्नावलीत लिहिलेली खाजगी उत्तरं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. याला संशोधन म्हणायचं? आमच्याकडे याला काड्या घालणं म्हणतात.

मंजिरी_क: काड्या घातल्याच. पण पेटलं का? नाही! एवढ्या दाटीत, एवढं डिवचूनही कोणी कोणावर हात उगारला नाही. वर्तमानपत्रांनी मात्र 'सेक्सचा तराफा' करून टाकला.

डेकवरचा: मी मालवाहू जहाजावर काम केलंय. आमच्याकडे सगळ्यात मोठा तमाशा लोणच्याच्या बरणीवरून झाला होता, धर्मावरून नाही. हेनोवेसने चुकीच्या ठिकाणी ठिणगी शोधली. आणि एक राहिलं. वादळाच्या मोसमात कॅप्टन मारिया म्हणाली बंदरात थांबू, तर याने तिला बाजूला करून तराफ्याचा ताबा स्वतःकडे घेतला. पुढे एक मोठं जहाज अंगावर आलं तेव्हा साहेब गारठले, आणि सूत्रं पुन्हा तिनेच हातात घेतली. दर्यावर हुद्दा कागदावर ठरत नाही.

जुनाखोडकर: @मंजिरी, पेटलं नाही कसं? त्यालाच समुद्रात ढकलायचा विचार चालला होता, हे त्यातल्याच लोकांनी नंतर सांगितलंय. आणि लोक स्वखुशीने आले होते असं कोणी म्हणेल, तर मध्येच उतरायचं म्हटलं असतं तर उतरणार कुठे? अटलांटिकमध्ये?

मंजिरी_क: विचार चालला होता, ढकललं नाही. दहा जण एका बाजूला, तो एकटा, पोलीस नाहीत, साक्षीदार नाहीत. तरी तो कोझुमेलला जिवंत उतरला. मला तर हेच त्याच्या सगळ्या प्रश्नावल्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

जुनाखोडकर: हो, पण हे त्याने शोधलं नाही. त्याच्यावर बेतलं म्हणून कळलं.