मुंबईत भारी जेवायचं तर टेस्टिंग मेन्यू की आपल्या आवडीनं ऑर्डर?

कृष्णाकाठ, सांगली
आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून दोघांना महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला नेलं आणि दोन दिवसांत तीन ठिकाणी जेवलो, मास्क, द बॉम्बे कँटीन आणि कुलाब्याच्या ताजमधलं गोल्डन ड्रॅगन. एकदाच पैसे घालवायचे असतील तर मास्कलाच घालवा असं माझं स्पष्ट मत झालंय. महालक्ष्मीला जुन्या मिलच्या आवारात आहे, 2016 ला सुरू झालं, आशियातल्या पन्नास रेस्टॉरंटच्या यादीत 2023 पासून सलग तीन वर्षं भारतातलं बेस्ट ठरलं. तिथं टेस्टिंग मेन्यू असतो, म्हणजे शेफनंच ठरवलेले दहाएक पदार्थ एकामागून एक येतात, शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगायचं.

बाबांचा जन्म हळदीत गेला. एका वाटीतल्या रश्शाचा वास घेतला आणि म्हणाले, ही ओली हळद आहे, वाळवलेली न्हवं. वाढणारा पोरगा आत विचारून आला, बरोबर निघालं! मग तोच बाबांना विचारायला लागला हळद शिजवतात कशी, पॉलिश कशी करतात, आणि बाबा हातवारे करून सांगतायत. मार्केट यार्डात सौद्याला पण ते इतके खुलत नाहीत. हे मेन्यूकार्ड बघून ऑर्डर केल्यावर झालं असतं का?

मिरज जंक्शन
तुमच्या बाबांचं वाचून बरं वाटलं पण सल्ला पटला नाही. माझ्या वडिलांना शुगर आहे, साडेआठला ताट समोर लागतं, त्यांना अडीच-तीन तास घास घास करत बसवायचं म्हणजे छळ आहे हो. मी पण अशा एका ठिकाणी नेलेलं (नाव घेत नाही), सहावा पदार्थ येईपर्यंत वडील घामाघूम, शेवटी आईनं पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढून दिला. वर बिलात न विचारता 10 टक्के सर्व्हिस चार्ज.

जेवण म्हणजे आपल्याला जे पाहिजे ते, पाहिजे तेवढं, मधे ठेवून सगळ्यांनी घेणं. म्हणून मी बॉम्बे कँटीनच म्हणणार. 2015 पासून कमला मिलमध्ये आहे, शेफ फ्लॉइड कार्डोझ त्यांच्या सुरुवात करणाऱ्यांपैकी, 2020 ला कोरोनानं गेले बिचारे. एग्ज केजरीवाल मागवा (टोस्टवर चीज, मिरची आणि अंडं), शेवटी गुलाब नट मागवा (गुलाबजामचा डोनट, त्यात रम असते, घरच्यांना आधी सांगा), पोट भरलं की उठा.

अजिंक्यतारा, सातारा
मी हॉटेलच्या किचनमध्ये नऊ वर्षं काढली आहेत त्यामुळं दोघांनाही थोडं सांगते. टेस्टिंग मेन्यू महाग का, तर वीस-तीस जणांच्या जेवणामागं तेवढीच माणसं आत राबत असतात, एकेका पदार्थाची तयारी दोन-दोन दिवस चालते. पण कोण किती येणार आणि काय खाणार हे आधीच ठाऊक असल्यानं माल फुकट जात नाही, भाजी ताजीच येते. तो पैसा ताटात दिसत नाही म्हणून लुटलं म्हणू नका.

आता बिल. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला जीएसटी 18 टक्के, बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला 5. म्हणजे ताजमधे आणि कमला मिलमधे मेन्यूवरचा आकडा सारखा असला तरी बिल सारखं येणार नाही, हे घरूनच धरून चला. आणि मिरजकर, सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, ग्राहक प्राधिकरणाचा 2022 चा नियम आहे, दिल्ली हायकोर्टानं 2025 ला तो उचलून धरला. काढा म्हणायचं, लाजायचं नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसांना गोल्डन ड्रॅगन. 1973 पासूनची जागा, सिचुआन (चीनमधल्या त्या भागातलं तिखट) जेवण भारतात आधी तिथंच आलं, वाढणारे शांत असतात, खुर्ची धरून बसवतात.

कृष्णाकाठ, सांगली
शुगरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ते मान्य. जेवणाची वेळ पाळावी लागणाऱ्याला मी पण आता टेस्टिंग मेन्यू सांगणार नाही. पण "पाहिजे ते मागवा" हे नाही पटत. आमच्या आईला कुठंही न्या, कार्ड उलटंपालटं करून स्वस्तातलं बघते आणि "मला भूक नाही, तुम्ही घ्या" म्हणते. गोल्डन ड्रॅगनला पण तेच केलं, आमच्या प्लेटमधलं चमचाभर खाल्लं. मास्कला तिच्यासमोर किंमत आलीच नाही, मी आधीच भरलेली, आणि आमच्याएवढंच तिच्या पुढ्यात आलं. शेवटच्या पदार्थापर्यंत सगळं संपवलंन तिनं.

मिरज जंक्शन
आमची आई पण सेम. दिवाळीनंतर दोघांना नेतोय, बॉम्बे कँटीनच, पण ह्या वेळी फोनवरच पदार्थ सांगून ठेवतो आणि कार्ड टेबलावर आणूच नका म्हणतो.