रविवारी सायकली कुठे न्यायच्या : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. बी विंगच्या जिन्याखाली सायकली धूळ खात पडल्या आहेत, निम्म्यांच्या टायरमधे हवा नाही. रविवारपर्यंत ज्याच्या त्याने उचलाव्या नाहीतर भंगारवाल्याला देण्यात येतील, मग कोणी तक्रार करू नये.

सी-३०४: भाऊ त्यातली निळी आमच्या लेकराची आहे, हात नका लावू, फक्त पंक्चर आहे

बी-४०२: भंगारात काहून देता जी, रविवारी चालवायलाच काढा न. अर्ध्या तर गियरवाल्या जाड टायरच्या आहेत, पार्किंगमधे उभ्या राहून सडून राहिल्या. मी तसाही जाऊनच राहिलो, कोणाला यायचं असेल तर सांगा, स्पीडबीड काही नाही, आरामात, लेकरंबी चालतील

ए-१०१ काकू: कुठे?

बी-४०२: आधी विचार होता कळमेश्वरपासून आतल्या पांदणीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, धापेवाडा, पण परवाच्या पावसानं तो बेत गेला

ए-२०३ काका: पाऊस तर दोन तास पडला फक्त. धापेवाडा काहून नाही? चंद्रभागेचा काठ आहे, विठ्ठलाचं दर्शन होते, पुढे अडाशाचा गणपती. आम्ही पंचवीस वर्षाचे होतो तेव्हा चोवीस इंची काळ्या सायकलीवर डबलसीट जात होतो, त्याला कोणी माउंटन बाईक म्हणत नव्हतं.

बी-४०२: काका तुम्ही डांबरी रस्त्यानं जात असाल. पांदणीची गोष्ट वेगळी आहे. कळमेश्वर, काटोल, हिंगणा तो सगळा पट्टा काळ्या दगडावरचा, माती सगळी काळी कपाशीची, ती पाणी पिऊन फुगते आणि मग सोडतच नाही. दहा चकरा चाक फिरलं की फोर्कमधे आणि ब्रेकपाशी इतका चिखल भरते की चाक जाम, सायकल ढकलताबी येत नाही, खांद्यावर घ्या मग, आणि चिखलासकट तिचं वजन दुप्पट. काडीनं खरवडत बसा. वरून पाहिलं तर पांदण कोरडी दिसते, वरची पापडी वाळलेली असते, खाली लोणी. थंडीतल्या पावसानंतर तीन-चार दिवस कडक ऊन पडल्याशिवाय त्या बाजूला मी तरी जात नाही. आणि आपल्या चाकाच्या नाल्या पडल्या तर त्या तशाच वाळतात, मग शेतकऱ्याची बैलगाडी त्यातूनच जाते, तो शिव्या देईल नाही तर काय

सी-१०२: भाऊ मग फॅट टायर घ्यायचे न, ४ इंची

बी-४०२: काळ्या मातीत जितका जाड टायर तितकी जास्त माती उचलते बे. तिथे सायकल बदलून काही होत नाही, रस्ता बदला

ए-२०३ काका: हे मात्र बरोबर बोलला. आमच्या पाटबंधाऱ्याच्या जीपा फसायच्या त्या मातीत. मग पूर्वेकडे जा. नागपूर बरोबर सीमेवर बसलं आहे, पश्चिमेला बेसाल्ट आणि काळी माती, पूर्वेला रामटेक मौदा कुही तिकडे खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक, माती हलकी, रेताड, म्हणून तिकडे धान होते आणि इकडे कापूस.

बी-४०२: हाव न काका, तेच म्हणून राहिलो

ए-३०१: आज पाणी किती वाजता येईल

सी-३०४: कन्हानच्या काठानं जाता येते का? पोराला नदी पाहायची आहे. खापरखेड्याजवळ तो बिना संगम आहे न, कोलार पेंच कन्हान तिन्ही भेटतात तिथे

बी-४०२: वहिनी जागा छान आहे पण रस्त्यात राखेचे आणि रेतीचे टिप्पर, लेकरासोबत मी नाही नेणार. आणि कन्हानचा काठ म्हणजे डोळ्यासमोर जो येते न, पाण्याला लागून पायवाट वगैरे, तसं नाही तिथे. पाण्यापाशी सगळी भुसभुशीत रेती, चाक रुतते, अनुभवी माणूसबी उतरून ढकलते. सायकल चालते ती एक शेत सोडून आतून, गावागावाला जोडणाऱ्या मुरमाच्या रस्त्यानं, नदी मधून मधून दिसते. आणि पाण्यात कोणी उतरायचं नाही हे आधीच सांगून ठेवतो, रेती उपसून उपसून खोल डोह झाले आहेत, वरून घोट्याएवढं वाटते आणि पुढच्या पावलाला माणूस गायब. वाकीला दरवर्षी ऐकतोच आपण

ए-१०१ काकू: अरे बाप्पा, नका नेऊ लेकरांना तिकडे. घरी बसा.

सी-१०२: आत्या जर्मनीत असते माझी, ती डॅन्यूब नदीच्या काठानं जाते सायकलनं, पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत, तीनशे किलोमीटरच्या वर, पूर्ण रस्ता सपाट. आधी तिथून घोडे चालायचे म्हणते, दोर बांधून नावा ओढायचे प्रवाहाच्या उलट, त्याच वाटेचा आता सायकल रस्ता केला. आपल्याकडे असं काही नाही, यूट्यूबवर सगळे डोंगरावरून उड्या मारणारेच दिसतात

ए-२०३ काका: आपल्याकडे नहर आहे. पेंचचा डावा नहर. त्याच्या बांधावर तपासणीचा रस्ता असतो, जीप चालावी म्हणून मुरूम टाकून दाबलेला. नहराला उतार अगदी नावाला देतात, पाणी फक्त सरकलं पाहिजे, म्हणून वरचा रस्ताही तितकाच सपाट. वळणं लांब लांब, चढ नाहीच. सायकलला याहून सोपं काय पाहिजे?

बी-४०२: काका एक नंबर. रामटेक साइड न? मी जाऊन आलो आहे त्या बाजूला, एकीकडे नहर एकीकडे धानाच्या बांध्या, आता कापणी झाली असेल, तणसाचे ढीग दिसतील. मुरूम पाणी धरत नाही, पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशी चालवता येते

ए-२०३ काका: पण एक अट. नहराच्या आतल्या बाजूला काँक्रीटचं अस्तर असते, तिरपं, शेवाळानं गुळगुळीत. पाणी सोडलेलं असेल आणि माणूस आत घसरला तर पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही, धरायला काही नसते. रब्बीचं पाणी सुरू असू शकते सध्या. लेकरं शेताच्या बाजूनं आणि मोठा माणूस पाण्याच्या बाजूनं, आणि जिथे गेट लावून कुलूप असेल तिथे कडेनं सायकल घुसवायची नाही, गावच्या रस्त्यानं फिरून यायचं.

सी-३०४: ठीक आहे काका. मी सोबत येईन मग. माझ्याकडे सायकल नाही पण

सेक्रेटरी: जिन्याखाली आहेत भरपूर.

सी-१०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला

ए-१०१ काकू: ते माउंटन बाईक म्हणजे डोंगरावर चालवायची न? नहरावर कायले पाहिजे मग?

सी-१०२: काकू सुरू झाली तेव्हा तीबी साधीच सायकल होती. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत, पोट्टे जुन्या जाड टायरच्या एका गियरच्या सायकली घेऊन जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं उतरायचे, ब्रेक मागच्या चाकाच्या मधल्या हबमधे, पॅडल उलटं मारलं की लागायचा, खाली येईपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, दरवेळी नवीन भरायचे. त्यातून पुढे गियर आले, चांगले ब्रेक आले आणि १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमधे शर्यतबी झाली. म्हणजे काकांची चोवीस इंची त्याच खानदानातली समजा

ए-२०३ काका: मी काय म्हणत होतो मग.

बी-४०२: काकू डोंगर नसला तरी जाड टायरचा फायदा असतो, कच्च्या रस्त्यावर हाडं नाही हलत. फक्त हवा कमी ठेवा. सगळे टायर दगडासारखे टणक करून आणतात आणि मग म्हणतात सायकल उडते. दोन इंची टायर असेल आणि माणूस साठ-सत्तर किलोचा तर ३०-३५ पीएसआय पुरते, लेकराला त्याहून कमी. अगदीच कमी केली तर मात्र दगडावर रिम आपटून ट्यूब चावली जाते. सीट थोडी खाली घ्या म्हणजे पाय टेकते. खड्डा आला की दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर आणि बूड जरा सीटवरून उचलायचं, नजर चाकापुढे नाही, दहा-पंधरा फूट पुढे. रेती आली तर हलका गियर आधीच टाकायचा आणि हँडल सरळ, रेतीत वळवलं की पडलेच समजा. पुढचा ब्रेक हळू

सी-३०४: पंक्चर कोण काढेल पण, मागच्या वेळी दुकानात नेली तर दुसऱ्या दिवशी परत हवा गेली

बी-४०२: ते काट्याचं टोक टायरमधेच राहिलं असेल. बाभळीचा काटा बाहेरून तुटते आणि आत टोक राहते, ट्यूबला ठिगळ लावलं तरी तेच टोक परत टोचते. टायर काढून आतून बोट फिरवायचं, हळू, नाहीतर बोटात जाते, सापडलं की पकडीनं ओढायचं. आपल्याकडे बाभूळ आणि बोरी, शेतकरी कुंपणाला काटे लावतात आणि गाडीवर नेताना पांदणीत सांडतात, त्याचा काही उपाय नाही. प्रत्येकानं एक ट्यूब जास्तीची ठेवा, पंप आणि ठिगळाचं सामान माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी खाली आणा निळी, पाहून घेतो

सी-३०४: धन्यवाद दादा

ए-१०१ काकू: कुत्रे?

बी-४०२: गावाच्या तोंडाशी असतातच. पळवायची नाही सायकल, उतरायचं, सायकल मधे ठेवून चालत जायचं, दोन मिनिटात कंटाळतात ते. बैलजोडी समोरून आली तर थांबून बाजूला व्हायचं, मागून घंटी वाजवून बैल बुजवायचे नाहीत. आणि शेताच्या कडेला बारीक तार दिसली तर हात लावायचा नाही, रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेली असते. फोटो काढायला धुऱ्यावर चढायचं नाही. संत्र्याच्या बागा त्या बाजूला नाही दिसायच्या फार पण कुठे दिसल्याच तर तोडायचे नाहीत, विकत मागा, देतात लोक

सी-१०२: हे शेवटचं माझ्यासाठी होतं

बी-४०२: हो

सेक्रेटरी: रामटेकपर्यंत सायकली कशा नेणार?

बी-४०२: छोटा हत्ती सांगतो, सात-आठ सायकली बसतात, मधे जुन्या चादरी टाकायच्या म्हणजे रंग नाही घासत. माणसं दोन गाड्यांत. नागपूरपासून चालवत जायचं नाही, हायवेनं त्यात मजा नाही आणि दम तिथेच संपते

ए-२०३ काका: मी गाडीनं येतो. तुम्ही नहरानं फिरा, मी खिंडसी तलावावर बसतो, तिथे भेटू. बुधवारपासून गुडघा दुखून राहिला नाहीतर चालवली असती.

ए-१०१ काकू: मग मी पण येते यांच्यासोबत. पोहे आणि तर्री करून आणते डब्यात, तर्री वेगळी ठेवते, लेकरांना तिखट नको. किती माणसं ते सांगा आधी.

सी-३०४: आम्ही दोघं

सी-१०२: मी आणि एक मित्र, तर्री आम्हाला जास्त

ए-३०१: मी पण येऊ शकतो का, पाण्याचं पण सांगा कोणीतरी

सेक्रेटरी: पाणी साडेसहाला. मी येतो, दोन सायकली जिन्याखालच्या घेतो, मालक कोण असतील त्यांनी आजच बोलावं.

बी-४०२: सहाला गेटवर. थंडी राहील, हातमोजे घ्या, उतारावर नाही पण पहाटे हँडलवर बोटं आखडतात. पाणी दोन बाटल्या. दहा-साडेदहाला परत फिरायचं. परत पाऊस झाला तर शनिवारी रात्री इथेच सांगतो

सी-३०४: लेकराच्या मापाचं हेल्मेट आहे का कोणाकडे? आमचं छोटं झालं

ए-३०१: आहे, पोरीचं आहे, लाल. वॉचमनकडे ठेवतो