सरमिसळ संघ की वेगळी शर्यत? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांबद्दल

कातळावरचा
रत्नागिरीकडच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. जिमखान्याला माणूस कमी, म्हणून दर डिसेंबरात शिट्टीही माझ्याच गळ्यात. यंदा आम्ही हॉलमध्ये बैठं व्हॉलीबॉल घेतलं. मैदान १० बाय ६ मीटर, जाळं १.१५ मीटर उंच, आणि चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेलं हवं. दोन्ही संघांत धडधाकट आणि दिव्यांग मुलं मिसळून. आमची तृतीय वर्षाची एक मुलगी, उजवा पाय गुडघ्याखाली नाही, तळहातांवर सरकत सर्रकन जाळ्याशी पोचायची. शेजारचा सहा फुटी गडी मात्र हात चेंडूला द्यावेत की सरकायला, ह्यातच अडकलेला. दर दोन चेंडूंमागे त्याचं बूड उचललं जाई आणि मी शिट्टी फुंकी. तिसऱ्यांदा तीच खेकसली, "खाली बस रे!"

माझं म्हणणं, हा खेळ विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धांत गुणांसकट घ्यावा. नाहीतर दिव्यांगांसाठी आपण करतो काय? बक्षीस समारंभाआधी एक "विशेष" धाव, टाळ्या, शाल, नारळ.

एकहाती_भाला
सर, पटलं नाही. मी एफ-४६ गटात भाला फेकतो, म्हणजे एका हातात व्यंग. तुमच्या खेळात मजा आली असेल, पण मला मजा नको, नोंद हवी. सचिन खिलारींनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतलं ते ह्याच गटात, तुल्यबळांशी भिडून. वर्गवारी म्हणजे दया नव्हे, कुस्तीतला वजनगट समजा. ५७ किलोच्या पोराला ९७ किलोवाल्यासमोर उभं करून त्याला सर्वसमावेशक म्हणाल? उद्या खेळाडू कोट्याच्या अर्जाला सरमिसळ संघाचं प्रमाणपत्र जोडलं, तर खिडकीवरचा माणूस ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

जिमखाना_निवृत्त
तुल्यबळ हवेत हे खरं, पण आणायचे कुठून? बावीस वर्षं मैदानं आखली मी. शेवटच्या वर्षी आमच्याकडे नोंदलेले दिव्यांग विद्यार्थी चार. एक दृष्टिहीन, एक कर्णबधिर, दोन अस्थिव्यंग. भाल्याला एकच नाव आलं की सुवर्ण कुणाचं ते सकाळीच ठरलेलं.

आणि सरमिसळीला एवढं नाक मुरडू नका. अंध फुटबॉलमध्ये गोलकीपर डोळसच असतो. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येकाला हालचालीच्या क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण, मैदानावरच्या पाचांची बेरीज जास्तीत जास्त १४. कॅनडात देशांतर्गत सामन्यांत धडधाकट खेळाडूलाही ४.५ धरून खेळवतात. म्हणजे वर्गवारीही राहिली आणि संघही उभा राहिला.

देवबागचो
ह्या सगळा बरा आसा, पण आमच्या ग्राउंडार व्हीलचेअर आणून दाखवा. आधी जांभ्याचो कातळ, मगे तांबडी माती. चाक रुतला तर धक्को मी मारतंय, पण बास्केट कोण करतलो?

चौथी_लेन
मला ऐकू येत नाही. शर्यत सुटली हे शेजारच्याची टाच उचलली की कळतं. १०० मीटरमध्ये तेवढ्यात सगळं संपलेलं असतं. मला वेगळी शर्यत नको, सरमिसळ संघही नको. स्टार्टरने बंदुकीसोबत दुसऱ्या हातात एक झेंडा धरावा. मागच्या वर्षी मागितला, तर कागदावर लिहून दाखवलं, "सगळ्यांना नियम सारखेच." गुणांची चर्चा चालू द्या, पण झेंडा आधी.

एकहाती_भाला
चौथी लेन, शंभर टक्के. निवृत्त सर, एकटाच असतो हे माझंही दुखणं आहे. पण एका महाविद्यालयात चार, तर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून किती? एका ठिकाणी गोळा करा ना. आणि एकटा असलो तरी टेप लावून अंतर लिहा. ते लिहिलंच जात नाही. "छान फेकलास" म्हणतात आणि टेप गुंडाळतात.

लांज्याची_आई
माझा मुलगा व्हीलचेअरवर. त्याच्या कॉलेजचा इनडोअर हॉल दुसऱ्या मजल्यावर. कॅरम खेळायला चार मुलं उचलून न्यायची, हसतखेळत न्यायची, गुणी मुलं. दोनदा गेला आणि सोडलं. म्हणाला, "आई, मधेच लघवीला लागली तर परत चौघांना हाक मारू?" २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० आहे, क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करा म्हणून. कुठला खेळ घ्यायचा ते तुम्ही ठरवा. तो खेळ आधी जिना उतरून खाली येऊ दे.

कातळावरचा
ताई, आमचाही हॉल वरच आहे. धागा काढताना हे डोक्यातही आलं नाही. ती मुलगी त्या दिवशी जिना कशी चढली, मी पाहिलंच नव्हतं. आज तास संपल्यावर ग्रंथालयासमोरचा तळमजल्यावरचा व्हरांडा मोजला. लांबी भरपूर, रुंदी पावणेसहा मीटर. वीतभर कमी, पण घरच्या सामन्यांना चालवून घेऊ. एकहाती, तुमच्या टेपचा मुद्दा विद्यापीठाला गुणांसाठी लिहायच्या पत्रात पहिला घालतो. चौथी लेन, झेंडा लाल चालेल? कपाटात तोच एक सापडला.

एकहाती_भाला
लाल नको सर. लाल आम्हाला फाऊलला दाखवतात.