गर्भारपणातील रक्तक्षय : गावातले आणि शहरातले अनुभव

गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा (मधल्या तीन महिन्यांत १०.५ ग्रॅमपेक्षा) कमी असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय ठरतो. याच संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३७ टक्के गर्भवतींना तो असतो. हिमोग्लोबिन किती आहे हे बहुतेकींना कळते; ते का घसरले, हे फार थोड्या जणींना सांगितले जाते. गावात गोळ्या पोहोचतात पण तपासण्या दूर राहतात, तर शहरात तपासण्या होतात पण विचारपूस राहून जाते, असे मला वाटते. आपल्या बाबतीत कारण कसे सापडले आणि उपचार कसे पार पडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

शेतात काम करणारी एक आई

दिवस गेल्यावर मला माती खावीशी वाटे. घरात सर्वांनी ते डोहाळे मानले. पाण्याचा हंडा उचलला की छातीत धडधडे आणि चार पावलांत दम लागे, तेही गर्भारपणामुळेच असेल अशी सर्वांची समजूत होती. आरोग्यसेविकेने मात्र मातीची गोष्ट ऐकताच डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावले, कारण माती, खडू किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. गोळ्या सुरू झाल्यावर शौचास काळे होऊ लागले आणि पोट साफ होईना. सासूबाई घाबरून गोळ्या बंद करायला सांगत होत्या. काळा रंग लोहामुळे येतो आणि त्याने अपाय होत नाही, एवढे एक वाक्य आरोग्यसेविकेने त्यांना समजावले नसते, तर माझा उपचार तिथेच थांबला असता. पुढे तिने मी शेतात अनवाणी जाते का, असेही विचारले. अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि ते जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतात. पहिले तीन महिने उलटून गेल्याने मला जंताचे औषध देता आले. आता पायात चपला असल्याशिवाय मी बांधावरही जात नाही.

शहरात नोकरी करणारी एक आई

आमच्या घरात खाण्यापिण्याची ददात नसल्यामुळे मला रक्तक्षय असेल, अशी शंकाच कोणाला आली नाही. गर्भारपणात रक्तातील द्रवाचा भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडे उतरतेच, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे, पण या खऱ्या गोष्टीआड माझी कमतरता दडून राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी माझी मासिक पाळी पूर्वी कशी असे, असे विचारले. वर्षानुवर्षे अतिस्राव होत आल्यामुळे लोहाचा साठा आधीच रिकामा झाला होता आणि फेरिटिनच्या, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीत ते स्पष्ट दिसले. एका गर्भारपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. ते माझ्या शरीरातून येणार तरी कुठून? शिवाय मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेत होते, आणि कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते. वेळा बदलूनही वाढ पुरेशी होईना, तेव्हा मधल्या महिन्यांत शिरेतून लोह दिले गेले.

एक पती

पत्नीच्या तांबड्या पेशी लहान होत्या, पण फेरिटिन ठीक होते. ती थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक निघाली. लगेच माझीही तपासणी झाली, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मी वाहक नाही. तो अहवाल येईपर्यंतचे दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. ही तपासणी विवाहापूर्वी किंवा निदान गर्भधारणेपूर्वी व्हावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

एक निवृत्त डॉक्टर

रक्तक्षय म्हणजे लोहच, असे धरून चालू नये. ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांनी मुंबईत गर्भवती गिरणी कामगार स्त्रियांमधील मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही पेशी अशाच मोठ्या होतात, आणि अशा वेळी फक्त फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. प्राणिजन्य आहार अजिबात न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मी ही शक्यता आवर्जून तपासत असे.

प्रसूती विभागातील एक परिचारिका

रक्त कमी असलेल्या स्त्रीला प्रसूतीतील जो रक्तस्राव झेपत नाही, तोच दुसरी सहज सोसते. तरीही बाळंतपण झाले की गोळ्या बंद होतात. प्रसूतीनंतरही ६ ते १२ आठवडे लोह घ्यावे, असा सल्ला आहे. म्हणून घरी सोडताना मी त्या गोळ्या बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबतच हाती देते, कारण लसीसाठी आई नक्की येते आणि त्याच वेळी तिचेही हिमोग्लोबिन पाहता येते.