एक्झिमा ओळखताना आधी खाज बघा

बाळाच्या गालावरचे चट्टे म्हणजे नायटाच, असं वर दोघांनी ठामपणे लिहिलंय, म्हणून हा प्रतिसाद. नायट्याला बहुधा गोल, उठावदार कडा असते आणि मधला भाग निवळत जातो. अ‍ॅटोपिक एक्झिमात (अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीशी जोडलेला त्वचेचा दाह) कडा अस्पष्ट, त्वचा कोरडी आणि खाज अतोनात. खाजच नसेल तर निदानावर शंका घ्यावी. (तान्ह्याला खाजवता येत नाही, ते गाल उशीवर घासतं, झोपेत चुळबुळ करतं.) मोठ्या मुलांत चट्टे कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत येतात. सावळ्या त्वचेवर ते लाल न दिसता करडे किंवा काळपट दिसतात, आणि बऱ्याचदा इथेच चुकतं.

घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. काहींच्या त्वचेत फिलॅग्रिन हे प्रथिन जन्मतःच कमी असतं. त्वचेचं कुंपण विरळ होतं, ओलावा बाहेर जातो, अ‍ॅलर्जी आणणारे कण आत शिरतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध सज्ज होते. पुढे काही मुलांत अन्नाची अ‍ॅलर्जी, दमा, नाकाचा त्रास दिसतो. सगळ्यांत नाही, हे मुद्दाम सांगते.

अ‍ॅलर्जीची सुरुवात बऱ्याचदा अशी त्वचेतून होते, म्हणूनच 'दूध, अंडी बंद करा' हा वरचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. अ‍ॅलर्जीची नुसती चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. उगाच पदार्थ तोडल्याने पोषण घटतं, शिवाय खरी अ‍ॅलर्जी जडण्याची शक्यताही वाढू शकते. आंघोळीनंतर लगेच बिनवासाचं मॉइश्चरायझर सढळ हाताने लावा. दुखणारे पाणीदार फोड आणि ताप दिसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.