कुत्र्यांच्या पसरणाऱ्या गाठीवर संशोधन: गरज की हौस?

भटकभवानी:
कुत्र्यांच्या या गाठीवर संशोधन हवंच म्हणतात, मला नाही पटत हे. समागमातून लागणारी ती कॅन्सरची गाठ, लालभडक, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, थेंब थेंब रक्त गळणारी, तिच्यावर विन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं इंजेक्शन आहे ना? आठवड्याला एक असे चार-सहा डोस झाले की बहुतेक कुत्री ठणठणीत. मग तिची हजारो वर्षांची कुंडली काढून काय मिळणार? तोच पैसा पार्वो आणि डिस्टेंपर या व्हायरसच्या रोगांवर लावा, पिल्लं त्यानं पटापट जातात.

सूक्ष्मदर्शी:
ओ ताई, ही गाठ व्हायरसमुळे होतच नाही. कॅन्सरची जिवंत पेशीच एकातून दुसऱ्यात जाऊन रुजते, कलम लावल्यासारखी. १८७६ मध्येच नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं, गाठीत मात्र साठच्या आसपास, म्हणजे गाठ या कुत्र्याची नाहीच, केव्हाच मेलेल्या कुठल्यातरी एकाच कुत्र्याची आहे. परकी पेशी शरीर हाकलून देतं, मग हिला कसं काय राहू देतं, हे शोधायचं म्हणजे हौस होय?

भटकभवानी:
ऐकायला भारी आहे, पण भटक्या कुत्रीला काय त्याचं? नसबंदी करा, पसरणं कमी होईल, विषय संपला.

आळशी_बोका:
संपला कुठे, हुंगून चाटूनही लागते ती. मी दवाखान्यात हाताखाली काम करतो. एक कुत्रा आला, नाकातून नुसतं रक्त, सगळे म्हणाले मार लागला असेल, डॉक्टरांनी काचेवर ठसा घेतला तर गोल गोल पेशी आणि आत बुडबुडे, हीच गाठ! आणि ते इंजेक्शन वाटतं तेवढं सोपं नाही हं, शिरेबाहेर थोडं जरी गेलं तरी तिथलं मांस सडतं, पांढऱ्या पेशी घसरतात म्हणून दर वेळी रक्त तपासा, आणि भटका असला तर तिसऱ्या आठवड्याला सापडतच नाही, आम्ही आपले बिस्किटं घेऊन गल्लीबोळ पालथे घालतोय.

सूक्ष्मदर्शी:
बघा, म्हणूनच कमी डोसात काम होईल असं काहीतरी हवंय. शिवाय कुत्र्यांवरचं संशोधन माणसांनाही कामी येतं, त्यांच्या तोंडातले मस आठवा, पॅपिलोमा व्हायरसचे. त्या व्हायरसच्या नुसत्या कवचाची लस नव्वदच्या दशकात कुत्र्यांवर चालली आणि माणसांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लसीला त्याचा आधार मिळाला.

भटकभवानी:
अहो मग ती व्हायरसवरचीच लस झाली की! मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतेय? बोकोबांचं मात्र पटलं, त्या तिसऱ्या आठवड्याचं काहीतरी करायला हवं.